घर ओढणाऱ्यांचं जेवण

दोन्या ऊबेंच्या दारावरून न खाता परत गेलेला माणूस आमच्या बेटावर मला तरी भेटलेला नाही. विजेचा मीटर बघायला येणारा, मतं मागायला येणारे, पाद्री, मेंढ्यांचा डॉक्टर, कुणीही असो. एकदा कुंपणावरून भांडायला शेजारचा बार्रिया आला होता. दोन्या ऊबेंनी आधी त्याला बाकावर बसवलं आणि शिंपल्यांचा रस्सा समोर ठेवला. बशी चाटूनपुसून झाल्यावर तो भांडायला उभा राहिला खरा, पण तोवर त्याचा आवाज उतरला होता.

मी त्यांची सून, मिर्ता. दोन्या म्हणजे बाई, आमच्याकडे मोठ्या बाईला मानानं असंच म्हणतात. लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या घरात आले तेव्हापासून हे बघत आले आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्याचा वैताग यायचा. बटाट्याचं पोतं आमचं, डुक्कर आमचं आणि खाणार सगळा गाव. मी नवऱ्याजवळ, आर्नोल्दोजवळ, कुरकुर केली की तो एवढंच म्हणायचा, "जाऊ दे. त्या घराचं तसंच आहे."

घराचं म्हणजे काय ते मला हळूहळू कळलं.

ते घर पिवळं आहे, भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी पट्ट्या आहेत, आणि समुद्राच्या बाजूला ते जरासं कललेलं आहे. ते तिथं बांधलेलंच नाही. ते आलेलं आहे. पूर्वी ते खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर होतं. मोठा भूकंप झाला, समुद्रानं त्या बाजूची जमीन खाल्ली आणि माझ्या दिवंगत सासऱ्यांना, एलिसेओंना, इकडच्या टेकडीवर जागा मिळाली. एवढं चांगलं लाकूड मोडून टाकायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मिंगा बोलावली. मिंगा म्हणजे सगळ्या गावानं येऊन एकाचं काम करायचं. कुणी मजुरी घेत नाही, पण काम संपलं की घरधनीण सगळ्यांना पोटभर जेवू घालते. बैलांच्या जोड्यांनी घर ओंडक्यांवरून किनाऱ्यापर्यंत ओढलं, पिंपं बांधून पाण्यात लोटलं आणि होड्यांनी ते इकडे आणलं. एलिसेओ वरच्या खिडकीत बसून टोपी हलवत होते म्हणे.

दोन्या ऊबे तेव्हा नवी नवरी. इकडच्या किनाऱ्यावर जेवणाची जबाबदारी त्यांची. त्यांचा मोठा दीर रामोन खड्डा खणायला होता. तापलेल्या दगडांवर शिंपले, मांस, बटाटे रचायचे, वरून मोठी पानं आणि माती टाकून वाफेवर शिजू द्यायचं. आमच्याकडे मोठं जेवण असंच होतं. रामोन आळशी. टेकडीवरची माती खणण्यापेक्षा वाळू खणणं सोपं, म्हणून त्यानं खड्डा किनाऱ्यावरच खणला. आता गंमत बघा. घर तरंगवायला मोठी भरती हवी म्हणून सगळ्यांनी चंद्र बघून दिवस ठरवला होता. तीच भरती खड्ड्यापर्यंत येईल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. घर तरंगत किनाऱ्याला लागलं आणि त्याच पाण्यानं खड्डा भरला. पानं तरंगली, मांस तरंगलं, शिंपले जिथून आले होते तिथं परत गेले.

माणसांनी तसंच उपाशीपोटी घर टेकडीवर चढवलं. प्रत्येकाला सफरचंदाच्या दारूचा एक पेला आणि गार मिल्कावचा तुकडा मिळाला. मिल्काव म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या जाड भाकऱ्या, त्यात डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. कुणी काही बोललं नाही. "तेच वाईट होतं," दोन्या ऊबे मला एकदा म्हणाल्या होत्या. "कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

बोलले ते नंतर. 'उपाशी मिंगा' असं नावच पडलं. दुकानात कुणी म्हातारा भेटला की डोळे मिचकावून म्हणायचा, "ऊबे, तुझं घर ओढताना माझी विजार सैल झाली ती अजून घट्ट होईना." त्याही हसायच्या. म्हणायच्या, "ये की मग, शिवून देते." आणि तो आला की ताट ठेवायच्या. ती माणसं एकेक करून गेली. ताटं ठेवणं काही थांबलं नाही.

गेल्या वर्षी ऐंशीला टेकलेल्या असताना त्या कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या आणि ओल्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. फेरीबोटीनं मोठ्या बेटावर नेलं, इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. डॉक्टरीणबाई तरुण, उत्तरेकडच्या, बोलायला सरळ. "हाड छान बसलंय," म्हणाल्या.

चाकाच्या खाटेवरून त्यांना खोलीकडे आणत होते तेव्हा त्यांनी डोळे उघडले. वर छत सरकत होतं. त्यांनी खाटेची दांडी घट्ट धरली.

"सावकाश रे," त्या म्हणाल्या. "चौकटी निखळतील."

खाट ढकलणारा सेगुंदो हा पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. "सावकाशच आहे, दोन्या."

"बैल कुणाचे?"

"माझेच."

"वाळलेत. काही खायला घालतोस की नाही?"

आम्ही सगळे हसलो. सेगुंदो तर पोटावर हात मारून हसला.

संध्याकाळपर्यंत हसू गेलं. सलाईनची नळी त्या ओढायला लागल्या. "दोर सैल पडलाय. होडीवाल्यांना सांगा कुणीतरी." आर्नोल्दोनं हात धरला तर त्याला रामोन समजून अशा ओरडल्या, की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "वर खण म्हणते ना, वर खण. पाणी येईल." आर्नोल्दोवर आई जन्मात अशी ओरडली नव्हती. तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुपारभर त्या झोपायच्या, संध्याकाळ झाली की पुन्हा तेच: भरती, दोर, बैल.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना शस्त्रक्रियेनंतर असा गोंधळ होतो. भुलीचं औषध, दुखणं, अनोळखी खोली, मोडलेली झोप, सगळं मिळून. बहुतेकांचा ओसरतो. कुणाचा थोड्या दिवसांत, कुणाला आठवडे लागतात.

"आणि नाही ओसरला तर?" हे विचारलं नेल्दानं. नेल्दा माझी नणंद, दक्षिणेला पुंता आरेनासला असते, मासळीच्या कारखान्यात. आईचं कळताच विमानानं आली होती, आणि आईनं तिला "मुली, तू कुठल्या गावची?" असं विचारलं होतं.

"ओसरेलच अशी खात्री मी नाही देऊ शकत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्या खात नाहीयेत, पाणीही पीत नाहीत. त्यानं गोंधळ वाढतो. दिवसा पडदे उघडे ठेवा, घरचं कुणीतरी जवळ असू द्या, वाद घालू नका, पण कुठं आहेत ते शांतपणे सांगत राहा. आणि यांना चष्मा नाही का? ऐकायला बरोबर येतं?"

आर्नोल्दोनं टोपी हातात फिरवली. चष्मा आणि कानातलं यंत्र, दोन्ही चोरीला जाऊ नये म्हणून त्यानं कपड्यांच्या गाठोड्यात बांधून घरी नेऊन ठेवलं होतं.

"शाबास," नेल्दा म्हणाली. "आई आंधळी, बहिरी आणि समुद्रात."

मग बाहेरच्या बाकावर तिनं आम्हाला सांगितलं की तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी एक चांगलं निवासस्थान आहे, चर्चच्या जोगिणी चालवतात. एक खाट रिकामी आहे. तिनं ती धरून ठेवायला सांगितली आहे. इस्पितळातून सुटी मिळाली की आई इथूनच परस्पर विमानात बसेल. घर बंद करायचं.

"थोडं थांबून बघू," मी म्हणाले.

"काय बघायचं, मिर्ता? माझ्या सासूचं असंच झालं होतं. डॉक्टर म्हणाले ओसरेल. ती परत आलीच नाही. दोन हिवाळे ती मला मोलकरीण समजत होती. हिला त्या टेकडीवर चुलीपाशी एकटीला सोडू?"

"एकटी कुठं? आम्ही शेजारी आहोत."

"तुम्ही झोपता की नाही?"

आर्नोल्दो काही बोलेल म्हणून मी बघितलं. त्याची टोपी फिरतच होती. दोन्या ऊबेंना त्या घरातून उचलून जोगिणींच्या खाटेवर ठेवलं तर त्या फार दिवस काढणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. नेल्दालाही असावं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची उशी बदलायला घेतली. उशीखाली पाव निघाले. उकडलेला बटाटा निघाला, कागदी रुमालात गुंडाळलेला. जेलीची वाटी निघाली, न उघडलेली.

"बघ," नेल्दा म्हणाली. "लहान मुलासारखं लपवते."

मी उशी हातात घेऊन उभीच राहिले. लहान मूल असं लपवत नाही. तो बटाटा रुमालात चारी बाजूंनी दुमडून, टोक आत खोचून गुंडाळला होता. निघालेल्या पाहुण्याच्या हातात दोन्या ऊबे वाटेसाठी देतात ती पुडी अशीच असते.

मी त्यांच्या कानाजवळ वाकले. यंत्र अजून आलं नव्हतं, म्हणून मोठ्यानं विचारलं, "हे कुणासाठी ठेवलंय?"

त्यांनी माझ्याकडे, इतकंही कळत नाही का, अशा नजरेनं बघितलं. "ओढणाऱ्यांसाठी."

"तुम्ही का नाही खाल्लं?"

"त्यांच्या आधी?"

मिंगेत घरधनीण सर्वांत शेवटी जेवते. शेवटचा माणूस तोंड पुसून उठला की मग ती चुलीपाशी बसते. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही. इस्पितळाच्या तक्त्यावर 'अन्न नाकारते' असं लिहिलेलं होतं. त्या नाकारत नव्हत्या. वाट बघत होत्या.

मी नेल्दाला म्हटलं, मी घरी जाऊन मिल्काव करून आणते. तिला वाटलं माझ्याही डोक्यावर परिणाम झाला. तरी ती बरोबर आली, आईचे प्रवासाचे कपडे घ्यायला. आर्नोल्दो आईपाशी बसला.

फेरीबोटीनं आम्ही घरी आलो. घर उघडलं तर चूल थंड. त्या घरात मी चूल थंड कधी बघितली नव्हती. लाकडाच्या धुराचा, वाळवलेल्या शिंपल्यांचा, ओल्या लोकरीचा वास मात्र जागेवर होता. मी चूल पेटवली, किसणी घेतली. नेल्दा कपडे काढायला म्हणून आत गेली ती कपाटापाशी थांबली. तिथं ताटं होती. एकासारखं दुसरं नाही. निळ्या काठाची, कपचा उडालेली, जत्रेत घेतलेली, कुणी दिलेली.

"आमचं असं एकही ताट नव्हतं," ती म्हणाली. "मला आणि आर्नोल्दोला. जे पाहुण्याकडून रिकामं होईल ते. मी शाळेतून यायची तर बाकावर कुणी ना कुणी बसलेलं. आई म्हणायची, थांब जरा, त्यांचं होऊ दे. मी त्या बाकाच्या टोकाला उभी राहून लोकांचं चावणं बघत मोठी झालेय, मिर्ता."

मी म्हटलं, "माझे बटाटे संपून जायचे."

"ते मला ठाऊक आहे. आर्नोल्दो फोनवर सांगायचा."

ती हसली आणि बाही वर करून बटाटे किसायला बसली. किसलेला बटाटा फडक्यात पिळताना तिनं जोर लावला तो अगदी आईसारखा, ओठ दुमडून. खिडकीतून खाडी दिसत होती आणि पलीकडचा किनारा, जिथून ते घर आलं. "बाबा वरच्या खिडकीतून टोपी हलवत होते ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, असं म्हणतात. "लहानपणी मी त्या खिडकीत बसून घर परत पाण्यात न्यायचा खेळ खेळायची. मी एकटीच आत. खूप लांब जायची." मग तिनं फडकं पुन्हा एकदा पिळलं. "गेलेच शेवटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टोपली घेऊन इस्पितळात गेलो. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, इतर रुग्णांना देऊ नका, बाकी ज्याची इच्छा असेल त्यानं खावं. आणि टोपलीवरचं फडकं वर करून बघत म्हणाल्या, "माझी आहे."

आर्नोल्दोनं आईला चष्मा लावला, कानात यंत्र बसवलं. पडदे उघडले. दोन्या ऊबेंनी खोलीभर नजर फिरवली. किती दिवसांनी त्यांना भिंतींना कडा दिसल्या असतील.

मी जवळ बसले. "हे इस्पितळ आहे, दोन्या ऊबे. तुम्ही पायरीवर पडलात, खुबा मोडला. तो जोडलाय. तुमचं घर टेकडीवर आहे. केव्हाच पोचलं."

"पोचलं?"

"पोचलं. मी काल तिथंच होते. चूल पेटवून आले."

त्यांनी ते मनात फिरवून बघितलं. "आणि माणसं? जेवली?"

खरं उत्तर सगळ्या बेटाला ठाऊक होतं.

नेल्दा माझ्या मागून पुढे आली. "जेवतायत, आई," ती म्हणाली. "बघ."

सेगुंदो दाराशी खाट टेकवून उभा होता. तिनं त्याच्या हातात मिल्काव दिला. परिचारिकेला दिला, फरशी पुसणाऱ्या बाईला दिला, डॉक्टरीणबाईंना दिला. सगळे उभ्या उभ्या खात होते आणि दोन्या ऊबे खाटेवरून एकेकाचं तोंड बघत होत्या. कुणाचा घास अडला तर पाणी द्या म्हणून बोट दाखवत होत्या.

"कसे झालेत?" त्यांनी सेगुंदोला विचारलं.

"मीठ जरा कमी आहे, दोन्या."

"सुनेनं केलेत," त्या म्हणाल्या.

मी इतकी खूश झाले त्या टोमण्यावर, की दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर मलाच नळी लावली असती.

सेगुंदोनं बाहीनं तोंड पुसलं. "पोट भरलं. देव भलं करो."

मग नेल्दानं शेवटचा मिल्काव त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो धरला, पण तोंडाकडे नेला नाही. मुलीकडे बघितलं, बराच वेळ, चष्म्यातून.

"नेल्दा," त्या म्हणाल्या. "तू अजून उभीच का? जेवलीस?"

"तू खा आधी."

"जेवलीस का विचारते."

"नाही."

दोन्या ऊबेंनी मिल्काव मोडला. मोठा तुकडा मुलीला दिला आणि ती चावून गिळेपर्यंत थांबल्या. मग स्वतःचा खाल्ला. पाणी मागितलं, पेला रिकामा केला आणि झोपल्या.

त्या दिवसानंतर सगळं नीट झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. संध्याकाळी पुन्हा दोर सैल पडला. पण ओरडणं नव्हतं, आणि जेवण समोर आलं की खोलीत नजर फिरवून, "सगळ्यांचं झालं?" असं विचारून त्या खायच्या. आम्ही झालं म्हणायचो. मग एका सकाळी त्यांनी विचारलं, कोंबड्यांना कोण बघतंय. आर्नोल्दो बाहेर गेला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. या वेळी मी त्याला एकटं सोडलं.

सुटीच्या आदल्या दिवशी नेल्दा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिला जोगिणींना उत्तर कळवायचं होतं.

"आई, तुझं घर कुठं आहे?"

"जिथं ओढून ठेवलं तिथं," दोन्या ऊबे म्हणाल्या. "तुझ्यासारखं लांब नाही नेलं."

नेल्दानं मान खाली घातली. खांदे हलत होते, हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही. मग तिनं जोगिणींना फोन केला आणि धरून ठेवलेली खाट सोडून दिली.

आता दोन्या ऊबेंची झोपायची जागा स्वयंपाकघरातच, चुलीजवळ केली आहे. मी तिथंच दुसऱ्या बाकावर झोपते. पहिल्यासारख्या त्या पूर्ण नाहीत. कधी कधी नाव विसरतात, काठी शोधत बसतात. इस्पितळातलं काहीच आठवत नाही म्हणतात. "मी असं बोलले? शक्यच नाही." नेल्दा दर रविवारी फोन करते आणि पहिला प्रश्न तिलाच येतो, जेवलीस का.

मागच्या महिन्यात सेगुंदो बायकोला घेऊन फेरीबोटीनं आला, सहज. मी ओळख करून द्यायला लागले, हे इस्पितळातले. दोन्या ऊबेंनी मला हातानं थांबवलं. निळ्या काठाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमचे बैल आता बरे दिसतात," त्या म्हणाल्या.